दिवा बंद

मी अ‍ॅम्ब्युलन्स चालवतो. जिवावरचा पेशंट असला की लाल सिग्नल तोडायची आम्हाला कायद्याने सूट आहे. अट एवढीच, की छतावरचा दिवा आणि सायरन चालू हवा. आमच्या गाडीत दोन्ही एकाच बटणावर. वायरी वेगळ्या करून द्या, असं सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण वर्कशॉप ढिम्म हललं नाही.

त्या दिवशी मागे छातीत कळ आलेले एक काका होते, सोबत त्यांची बायको, काकू. सायरन ऐकून ते घाबरून उठायला बघत होते. अशा पेशंटला आम्ही सगळेच सायरन बंद करून नेतो. मी बटण दाबलं, सायरनबरोबर दिवाही गेला आणि नेमका पुढच्याच चौकात लाल सिग्नल तोडताना कॅमेऱ्याने फोटो काढला. आता लायसन्स जप्त व्हायची वेळ आली. मी कंत्राटी माणूस. लायसन्स गेलं की नोकरीही गेली.

युक्ती डेपोच्या साहेबांनीच सांगितली. "बटण बिघडलं होतं म्हण. बिघाडाला माफी आहे." खोटं बोलणं जिवावर आलं होतं, पण घर चालवायचं होतं. पेशंट खरंच गंभीर होता हे सांगायला मीच काकूंना बोलावलं. बिघाडाचं मात्र त्यांना सांगायचं राहिलं. माझीच अक्कल!

"बटण बिघडलं होतं, साहेब," सुनावणीत मी म्हणालो. अधिकाऱ्याने मान डोलावून पेन उचललं. तेवढ्यात काकू पुढे सरसावल्या.

"बिघडलं कसलं! मीच म्हटलं, यांना आवाजाचा त्रास होतोय. या ड्रायव्हरदादांनी लगेच सायरन बंद केला हो. देवमाणूस आहे!"

"म्हणजे मुद्दाम बंद केला?"

"तर काय! माझ्या एका शब्दावर!"

"साहेब, पेशंटच्या भल्यासाठीच..." मी सुरू केलं.

"दिवा चालू होता का?"

"नव्हता."

त्यालाही वाईट वाटलं असावं, पण नियमात त्याची सोय नव्हती. लायसन्स त्याच्या ड्रॉवरमध्ये गेलं.

माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला. ओरडू तरी कोणावर? वर्कशॉपवर, कॅमेऱ्यावर, की या माउलीवर?

बाहेर बाकावर काका बसले होते. त्यांनी उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. हात चांगले गरम होते.

"झालं ना रे काम?" काकूंनी विचारलं.

"झालं, काकू."

जिना उंच होता. मी काकांच्या दंडाला धरलं.

"सावकाश उतरा, काका. मला आता कसलीच घाई नाही."