चार बोटं आखूड

लखनौच्या वृंदावन योजनेतल्या त्या दुमजली घरात दोन जावा चौदा महिने एकमेकींशी दोनच शब्द बोलत होत्या, आणि तेही जपानी. ‘जोदान’ म्हणजे तोंडावर मारते, सांभाळ. ‘चुदान’ म्हणजे छातीवर. बाकी सगळं बोलणं थोरल्या पद्मिनीने २०१३च्या डिसेंबरात बंद केलं होतं.

कारण साधं नव्हतं. पद्मिनीच्या मुलीला, अंतराला, नाशिकचं स्थळ आलं होतं. त्या लोकांचा फोन आला तेव्हा पद्मिनी आलमबागला गेलेली, आणि फोन घेतला धाकट्या हिमानीने. मुलगी मराठी कशी बोलते, त्यांनी विचारलं. हिमानीने सांगितलं, समजतं सगळं, बोलते मात्र हिंदीतच. स्थळ फिसकटलं. ‘विचारलं म्हणून खरं सांगितलं, माझं काय चुकलं?’ असं हिमानी घरभर म्हणत फिरली. अंतरा तर “अच्छा हुआ, बला टली” म्हणून मोकळी झाली. पण खरं बोलायची एवढी हौस असलेली ही बाई पद्मिनीला त्या दिवसापासून डोळ्यांसमोर नकोशी झाली.

त्यांचे नवरे चंद्रशेखर आणि धनंजय, एक शास्त्रज्ञ, दुसरा बँकेत. दोघा भावांनी बायकांच्या भांडणात पडायचं नाही असं आपसात ठरवून टाकलं. पुरुषांना असले तह चटकन जमतात.

कराटेच्या क्लासला पद्मिनी पहिल्यांदा गेली ती २००९ साली, अंतराला सोडायला. लेकीने सहा महिन्यांत कंटाळून सोडलं, आई राहिली. वर्षभराने हिमानीही आली, कारण वरच्या मजल्यावर जे येईल ते खालच्या मजल्यावर यायलाच हवं, मग ते वॉशिंग मशीन असो की कराटे.

कम्युनिटी हॉलमध्ये रिझवी सर ओकिनावाच्या जुन्या पद्धतीने शिकवत. त्यात जोडीने करायची एक ठरलेली लढत असते. पाच वार, पाच बचाव, कोणी केव्हा कुठे मारायचं ते सगळं आधीच पक्कं. सर तिला ‘वादे की लड़ाई’, म्हणजे वचनाची लढत, म्हणत. मारणारीने आधी ओरडून सांगायचं आणि मग तिथेच मारायचं, समोरची हलली नाही तर लागेल इतकं खरं. समोरचीने एक पाऊल मागे जाऊन तो वार हाताने अडवायचा. यात खोटं मारण्यासारखी बेइमानी नाही, हे सर दर मंगळवारी सांगत. एका घरातल्या दोघी म्हणजे सरावाला सोय, असं समजून त्यांनी या दोघींची जोडी लावली होती. परमुलखात घरची धुणी चव्हाट्यावर कशाला धुवायची, म्हणून पद्मिनी गप्प बसली.

पण मारायची ती मनापासून. नाशिकचा फोन दर वेळी मुठीत यायचा. हिमानीला नीट अडवण्यावाचून गत्यंतरच नव्हतं, आणि तिचे हात कोपरापर्यंत काळेनिळे असत. ते पाहून पद्मिनीला बरं वाटे. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटे.

अशातच तेलीबागच्या एका मुलींच्या शाळेत एप्रिलपासून कराटेचा वर्ग सुरू व्हायचं ठरलं. रिझवी सरांनी पद्मिनीचं नाव दिलं. अट एकच, फेब्रुवारीच्या परीक्षेत काळा पट्टा मिळाला पाहिजे. पंचवीस वर्षं लखनौत ती सगळ्यांची भाभीजी होती. शाळेच्या पत्रावर पहिल्यांदाच तिचं स्वतःचं नाव आलं. ते पत्र तिने कपाटात पैठणीच्या घडीत ठेवलं आणि दिवसातून दोनदा काढून वाचलं.

जानेवारीत एकदा हिमानी आली नाही, तेव्हा सरांनी पद्मिनीसमोर निधी श्रीवास्तवला उभं केलं. बावीस वर्षांची, काटक पोरगी. तिने ‘जोदान’ म्हटलं आणि पुढच्या क्षणी पद्मिनी जमिनीवर बसली होती, ओठ फुटलेला. निधी रडकुंडीला आली. सर वाकून हळूच म्हणाले, “पद्मिनी जी, आप पीछे गईं ही नहीं।”

ती गेली होती. हिमानीसाठी रोज जायची तेवढीच गेली होती.

रात्रभर ती कूस बदलत राहिली, आणि पुढच्या क्लासला तिने पारख केली. हिमानीच्या वाराला ती नेहमीच्या निम्मंच मागे गेली. मूठ पोचली नाही. मग अगदी जराशी सरकली. तरी पोचली नाही. किती महिने ही बाई चार बोटं आखूड मारत होती, कोण जाणे. लागत नाही म्हटल्यावर पाय आळसावणारच; पद्मिनीचं मागचं पाऊल हळूहळू आटत गेलं आणि तिला पत्ताही लागला नाही. हात न लावता हिमानीने तिला मोडून ठेवलं होतं. एवढा थंड डोक्याचा दुष्टपणा पद्मिनीला सात जन्मांत सुचला नसता, आणि तिला त्याचाच जास्त संताप आला.

जोडी बदलून मागितली, तर परीक्षेसाठी दोघींची नावं पुढे गेली आहेत, म्हणून सरांनी हात जोडले. मग पद्मिनीने पहाटे गच्चीवर अंतराला उभं केलं, तिच्या हातात झाडूचा दांडा दिला आणि तोंडावर खुपसायला सांगितलं. “मम्मी, लग जाएगी यार,” असं म्हणत पोरीने तीन आठवडे दांडा खुपसला. पाऊल परत जागेवर आलं. क्लासमध्ये मात्र पद्मिनीने ते दाखवलं नाही.

परीक्षा घ्यायला थेट ओकिनावाहून ऐंशीच्या घरातले एक गुरुजी आले होते. हॉलमध्ये धुक्याची थंडी, पायाखालची फरशी बर्फगार. दोघी समोरासमोर वाकल्या. आधी हिमानी मारणार होती.

“जोदान.”

पद्मिनी पुरतं पाऊल मागे गेली, हात फिरवला, आणि हात हवेत फिरला. त्याला काही लागलंच नाही. मूठ पार पलीकडे राहिली होती. म्हाताऱ्याने भुवया आक्रसल्या आणि बोटाने खूण केली ती पद्मिनीला. रिझवी सरांनी अर्थ सांगितला: पळू नका, जवळ राहा.

पळतेय कोण? पद्मिनीच्या कानशिलांत रक्त सणसणलं. वार त्या बाईचा खोटा आणि भित्री ठरले मी? उरलेले चार वारही असेच गेले तर पट्टा गेला. आणि न अडवता उभी राहिले तर पट्टा आत्ताच गेला, शाळाही गेली. शिवाय हिने नेमकं आज खरं मारलं तर नाकही जाईल. हे सगळं तिला लख्ख दिसत होतं.

“जोदान,” हिमानी म्हणाली.

पद्मिनी हलली नाही. हात खालीच ठेवले, डोळे उघडे ठेवले. मूठ सुसाट आली आणि तिच्या नाकासमोर हवेत थांबली.

म्हातारे उठले, हळूहळू चालत आले. त्यांनी आपली चार बोटं जुळवून हिमानीची मूठ आणि पद्मिनीचं नाक यांच्यामध्ये आडवी धरली. बरोबर बसली. हिमानीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती मूठ मागे घेईना.

निकाल लगेच लागला. एकीने वचन मोडून मारलं नाही, दुसरीने वचन मोडून अडवलं नाही. दोघी नापास. सहा महिन्यांनी परत यायचं, याच जोडीने. तेलीबागचा वर्ग निधीला मिळाला.

घरी जाताना एकच ई-रिक्षा मिळाली. तेलीबागचा चौक मागे पडेपर्यंत दोघी बाहेर बघत बसल्या.

“आज खरं मारणार होते, वहिनी,” हिमानी म्हणाली. “ठरवून आले होते. नाक फोडणार होते तुमचं. पाऊलच पुढे पडलं नाही.”

पद्मिनीला तिची कीव आली नाही. स्वतःच्या हाताने स्वतःचाच हात नासवलास, बरं झालं, एवढंच तिच्या मनात आलं. मग पैठणीतलं पत्र आठवलं आणि तेही सुख टिकलं नाही.

“उद्या सहाला गच्चीवर ये,” ती म्हणाली. “मी हलणार नाही. लागेपर्यंत मारायचं.”

पहिल्या दिवशी मूठ चार बोटं अलीकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी तीन. झाडूचा दांडा घेऊन अंतरा जिन्यात बसून राहायची. आठव्या दिवशी “जोदान” असा आवाज आला आणि पद्मिनीचा ओठ पुन्हा फुटला.

तिने ओढणीने रक्त पुसलं आणि पाय रोवले.

“बरोबर,” ती म्हणाली. “आता मी मारते. सांभाळ.”