पहिल्या नंबराचं इरलं

मित्रांनो, मी एक जुनं इरलं आहे. तुमच्यातल्या कितीजणांनी मला पाहिलं असेल, कोण जाणे! बांबूच्या काड्यांची दुहेरी जाळी आणि मध्ये पळसाची पानं, असं माझं अंग. पावसात डोक्यापासून कमरेपर्यंत मी पाठ झाकतं. गागोद्याच्या डोंगराकडच्या ठाकरवाडीत गुणाजीने मला विणलं. विणताना तो सारखा ओणवा होऊन मला पाठीवर घेऊन बघायचा. माझं माप उभ्या माणसाचं नसतंच. ते भाताची लावणी करणाऱ्या वाकलेल्या पाठीचं असतं.

रोह्याच्या बाजारातून काशीबाईने मला आणलं. दर वर्षी ती जुनी पानं काढून नवी भरायची. तिची पाठ मी कधी भिजू दिली नाही, आणि त्याचा मला कोण अभिमान होता!

यंदा ऐन लावणीत तिच्या मुलाने, निकेशने, तिला न विचारताच मला खुंटीवरून काढलं. तो धाटावला कंपनीत आहे. तिथे पारंपरिक वेशभूषेची स्पर्धा होती. काशीबाईने त्या दिवशी डोक्यावर गोणपाट घेऊन लावणी केली.

स्पर्धेत मला पाठीवर घेऊन निकेश नुसता उभा राहिला असता, तरी चाललं असतं. पण टाळ्या पडेनात, म्हणून तो वाकला. कमरेवर हात ठेवून, एक पाय ओढत, कण्हत चालू लागला. हुबेहूब काशीबाई! लोक पोट धरधरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याला झाकणं हे माझं काम, पण तिथे मला कोण झाकणार?

पहिला नंबर आला. बक्षीस मिळालं रेनकोट.

"आये, हा घे. आता भिजू नको," घरी येऊन निकेश म्हणाला. काशीबाई हरखली. तेवढ्यात शेजारची शकू स्पर्धेचा व्हिडिओ लावलेला मोबाईल नाचवत आली.

"बग गो काशीबाय, तुझ्या निकेशचा पयला नंबर!"

काशीबाई बघता बघता आधी हसली. मग म्हणाली, "परत लाव." दुसऱ्यांदा ती हसली नाही.

"मी येवढी वाकलेय व्हय गो?"

"नाय गो, कायतरीच तुझं," शकू पुटपुटली. निकेशची मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी रेनकोट घरीच ठेवून तिने मलाच घेतलं. पण आता बांधावरून कुणी जाताना दिसलं, की ती सरळ उभी राहते. उभ्या पाठीवर मी ठरत नाही. मागे घसरतं, आणि पाऊस थेट तिच्या अंगावर येतो. ते माणूस दिसेनासं होईपर्यंत ती तशीच उभी असते.

काल बांधावरून निकेश आला. त्याला पाहूनही ती सरळ झाली.

"आये, भिजतेस गो."

"भिजू दे."

मित्रांनो, मला जपा, गुणाजीची कला शिकून घ्या, असं मी सांगणार होतं. पण सांगायला तोंड राहिलं नाही. एकच मागणं आहे. लावणीच्या दिवसांत शेतात कुणी बाई तुम्हाला पाहून धडपडत सरळ होऊ लागली, तर बघत थांबू नका. भरभर पुढे निघून जा. तिला वाकायचं असतं.