नोंदवलेला नंबर

"आत्या, तू आमचं घर सोडून कधी जाणार?"

हा प्रश्न माझा नव्हता. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी वर्गात जरा जास्तच मिरवत होते. "मला आता कुणाच्या बापाची भीती नाही," असं मी मधल्या सुट्टीत म्हणाले. त्यावर माझी मैत्रीण लंबू म्हणाली, "मग लाव पैज! तुझ्या घरात जे कुणीच विचारत नाही, ते विचारून दाखव." दुसरी मैत्रीण चष्मिश, तिनं प्रश्न ठरवून दिला आणि रविवारी सकाळी, सगळे घरात असताना, मी तो विचारून मोकळी झाले.

आईनं भांडी घासता घासता नळ बंद केला. बाबांचं वर्तमानपत्र खाली आलं. आत्या खिडकीजवळ बाबांचे शर्ट इस्त्री करत होती. ती बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते. एका इस्पितळाच्या लॉन्ड्रीत इस्त्री विभागाची ती मुकादम आहे, म्हणजे आठवडाभर तिकडच्या चादरी आणि रविवारी इकडचे शर्ट. मला वाटलं, आता ही रडणार. पैज जिंकायच्या नादात मी माती खाल्ली होती.

आत्या मात्र हसली. "तुडतुडे, बरं झालं विचारलंस. कागद मिळाले की जाईन."

मग सगळं बाहेर आलं. लॉन्ड्रीच्या मागच्या गल्लीत एक खोली रिकामी झाली होती. मोठी खिडकी, आतच नळ, दाराला स्वतःची किल्ली. घरमालकीणबाईंना आत्या पसंत होती. पण एकटी बाई दर महिन्याला भाडं भरेल कशावरून? म्हणून त्यांनी मागच्या तीन वर्षांचे आयकराचे रिटर्न आणि पगाराच्या स्लिपा मागितल्या होत्या. शनिवारपर्यंत थांबते, म्हणाल्या.

"कुठं जायचंय ताई? इथं काय कमी आहे तुला?" बाबांनी विचारलं.

"कमी काहीच नाही रे. माझं असं काही नाही, एवढंच."

"बघू," बाबा म्हणाले.

आमच्या घरात 'नाही' कुणी म्हणत नाही. 'बघू' म्हणतात. आईचा शिवणाचा क्लास त्या 'बघू'तच गेला, आणि माझी शाळेची सहलसुद्धा.

पण कागद आत्याच्या पगाराचे, आत्याच्या कराचे. त्यात बाबांनी बघायचं काय? मी म्हटलं, "चल आत्या, आपणच आणू." सोमवारी शाळा सुटल्यावर मी दप्तरासकट लॉन्ड्रीच्या ऑफिसात हजर.

तिथले कारकून पेनाचं टोपण चावत होते. "स्लिपा तर दर महिन्याला जातात की. ईमेलनं."

"कुणाला?"

"यांच्या भावाला. नोंद त्यांचीच आहे."

"मग जुन्या पुन्हा काढून द्या ना, काका."

"देतो ना. नोंदवलेल्या ईमेलवरून विनंती येऊ द्या."

"अहो, जिचा पगार आहे ती तुमच्यासमोर उभी आहे!"

"दिसतायत. रोज दिसतात," ते अगदी सालसपणे म्हणाले. "पण कॉम्प्युटरला नाही ना दिसत."

मी असली तडतडले! आत्यानंच मला हाताला धरून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी कर कार्यालयाचा मदत कक्ष. मागच्या खुर्चीवरचे पुढे, पुढचे उठून खिडकीशी, अशी रांग सरकत सरकत आमचा नंबर लागला. खिडकीतल्या बाई बघून म्हणाल्या, "छान आहे की. सगळे रिटर्न वेळेवर भरलेत. आत्ता प्रती काढता येतील. पासवर्ड सांगा."

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मी आत्याकडे.

"काळजी करू नका, नवा करू. ओटीपी येईल मोबाईलवर."

आम्ही दोघी आत्याच्या फोनकडे टक लावून बसलो, जसं काही अंड्यातून पिल्लूच निघणार आहे. पिल्लू निघालं ते बाबांच्या फोनवर. मी बाबांना फोन लावला. "कामात आहे गं. नंतर बघू." त्यांचं 'नंतर' होईपर्यंत ओटीपी मरून गेला. दुसरा मागवला, तोही तसाच गेला.

"मग नंबरच बदलून द्या ना," मी म्हणाले.

"देते. त्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी जाईल."

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. बाई खिडकीतून थोड्या पुढे झुकल्या. "ताई, मूळ ओळखपत्र घेऊन या. समोरासमोर ओळख पटली की मी नंबर बदलते आणि प्रती छापून हातात देते. तुमच्यासारख्या रोज येतात. कुणाचा नंबर नवऱ्याचा असतो, कुणाचा दिराचा. परवा एक आजी आल्या, त्यांचा नंबर मुलाचा. तो भेटायलाही येत नाही आणि फोनही उचलत नाही."

ओळखपत्र बाबांच्या कपाटात होतं. कपाटाची किल्ली बाबांच्या खिशात.

आत्यानं त्या संध्याकाळी मागितलं. "बघू." बुधवारी मागितलं. "अगं, शोधायला लागेल." गुरुवारी बाबा दमलेले होते. शुक्रवारी आत्यानं मागितलंच नाही, मी मागितलं, आणि मोठ्यांच्या मध्ये बोलते म्हणून ओरडा खाल्ला. चष्मिशला हे सांगितलं तेव्हा ती चष्मा पुसत राहिली. "माझ्या आईच्या सगळ्या कागदांवरही पप्पांचाच नंबर आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं, तसंच असतं." हे वाचणाऱ्यांनी आपापल्या घरी एकदा विचारून बघावं. माझी पैज आहे.

शनिवारी दुपारी घरमालकीणबाईंचा फोन आला. खोली एका जोडप्याला दिली. त्यांचे कागद तयार होते.

आत्या "बरं" म्हणाली आणि इस्त्री तापत ठेवली.

"जाऊ दे ताई. होतं ते बऱ्यासाठीच," बाबा म्हणाले. आत्यानं त्यांचाच शर्ट पसरून इस्त्री फिरवायला घेतली, तसे तेच पुढे बोलत राहिले. "तुझ्या सासरच्यांनी कोऱ्या कागदावर सह्या घेऊन घर लाटलं, तेव्हा कोण धावलं? पुन्हा कुणी फसवू नये म्हणूनच सांभाळतो ना मी सगळं?"

"तूच धावलास. मी जन्मात विसरणार नाही," आत्या म्हणाली. "पण तेव्हा मी न वाचता सही केली रे. आणि त्यानंतर तू मला वाचायलाच काही दिलं नाहीस."

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. शर्ट अर्धाच झाला होता. तो तसाच बाबांच्या खुर्चीवर ठेवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

बाबांनी टेबलावरचा माझा बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म पुढे ओढला. "तुझं हे भरून ठेवलंय बघ. खाली फक्त सही कर."

बाबांचं अक्षर सुंदर आहे. नाव, पत्ता, विषय, सगळं टपोरं. मोबाईल नंबरच्या चौकटीतही टपोऱ्या आकड्यांत बाबांचाच नंबर. मला मागच्या वाढदिवसाला त्यांनीच फोन घेऊन दिलाय.

"अहो," आई पदराला हात पुसत म्हणाली, "माझं ओळखपत्र कुठं असतं?"

"कपाटात. का?"

"काही नाही. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं."

आत्या वळून आईकडे बघू लागली. मी पेनाला टोपण लावलं आणि उभी राहिले. या वेळी पैज कुणीच लावलेली नव्हती.

"आई, बाबा, मी ठरवलंय. या फॉर्मवर माझा नंबर जाईल. आणि आत्याचं, आईचं, माझं अशी तिन्ही ओळखपत्रं या टेबलावर आल्याशिवाय मी सही करणार नाही. सोमवार फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे. सोमवारी सकाळी मी आणि आत्या त्या मदत कक्षात जाणार आहोत, आईला यायचं असेल तर तीही. आणि बाबा, या वेळी 'बघू' चालणार नाही."