बाबामधला ब

मनी पहिला शब्द बोलली तेव्हा तिचे वडील समुद्रावर होते. ते जहाजाच्या इंजिनखोलीत फिटर होते. शब्द होता "मामा". ते ऐकून त्यांचा मेव्हणा हरखून गेला. बायकोचा हा धाकटा भाऊ ट्रक चालवायचा आणि त्यांच्याच घरी राहायचा. पण फोनच्या पडद्यावर बाप दिसला तरी मुलगी बोट दाखवून "मामा"च म्हणाली. मेव्हण्याने समजूत काढली, की दाजी, पोरीने तुम्हाला माझ्या पंगतीला बसवलंय, मानून घ्या. सगळे हसले. फिटरही हसला. मग खाली जाऊन, कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या चढवून, आधीच घट्ट असलेले नट तो पुन्हा आवळत बसला.

दोष टाळूचा होता. जन्मतः फाटलेला टाळू तान्हेपणीच शिवला होता, पण मागचा मऊ भाग आखूडच राहिला. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी ते फोनवर फिटरला नीट समजावून सांगितलं. ब म्हणताना ओठ मिटतात, तोंडात हवा दाटते, टाळूचा पडदा वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, आणि ओठ उघडले की दाटलेली हवा फटकन सुटते. मनीचा पडदा पोचतच नव्हता. हवा नाकातून निसटायची आणि ब चा म व्हायचा. तसाच द चा न. दार म्हणजे नार, आणि शेजारचा कॉलेजात जाणारा दादा ऐन तारुण्यात नाना झाला होता. स्वतःचं पाळण्यातलं नाव तिला घेता येत नव्हतं, 'मनी' तेवढं जमायचं, म्हणून घरात तेच रुळलं.

'आई' मात्र पहिल्यापासून स्वच्छ होतं. त्या शब्दात हवा कुठे अडवावीच लागत नाही. फिटरला बायकोचा हेवा वाटायचा आणि त्याची लाजही वाटायची. मनी फोनवर घडाघडा बोलायची, त्याला ओ की ठो कळायचं नाही. बायको शेजारी बसून एकेक वाक्य उलगडून सांगायची. आपल्याच लेकीचं बोलणं त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागे.

ती पाच वर्षांची झाल्यावर टाळूची दुसरी शस्त्रक्रिया झाली. फिटरला यायचं होतं, पण त्याच्या जागेवर येणारा माणूस बंदरात पोचलाच नाही, आणि जहाज सुटलं. त्यानंतर मनी बाईंकडे जाऊ लागली. बाई तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरून ब म्हणायला लावायच्या. आरशावर वाफ आली की हवा निसटली, पुन्हा पहिल्यापासून. तळहातावर कापसाचा बोळा ठेवून प म्हणायला लावायच्या. बोळा उडाला की मनी टाळ्या पिटायची. काही महिन्यांनी बायकोने कळवलं, ब जमला. त्याने लगेच फोन लावला, पण मनी आईच्या पाठीमागे लपली ती बाहेर येईना. बायको म्हणाली, घरी या आणि समोर बसून ऐका.

तो घरी आला. मनी सगळ्यांशी बोलत होती. बस, बाहुली, दार, दगड, सगळं खणखणीत. मामाला मामा आणि शेजारच्या दादाला दादा. फिटरला मात्र ती काहीच म्हणत नव्हती. "त्यांना सांग, जेवायला वाढलंय," असं आईला सांगायची, पाहुण्याबद्दल बोलावं तसं.

तो रोज तिला बाईंकडे घेऊन जायचा. एकदा त्याने स्वतःचं नाक चिमटीत धरून "मामा" म्हटलं, तर ते "बाबा"सारखं ऐकू आलं. मनी खदखदून हसली. तिनेही नाक धरलं आणि मामा मामा म्हणत खोलीभर नाचली. तो वाट बघत राहिला. नाक सोडल्यावर ती कापसाचा बोळा उडवायला धावली.

बायकोला त्याने एवढंच विचारलं, की तिला अजून जड जातंय का.

"तोंड तयार आहे हो," ती म्हणाली. "आता त्या शब्दाला माणूस मिळू दे."

एका सकाळी तो ओट्याशी ताटल्या पुसत होता. बाहेर जिन्यात मनी वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मुलीशी खेळत होती. "माझे बाबा जहाजावर असतात," मनी म्हणाली. दोन्ही ब अगदी भरीव, ओठांवर दाटून सुटलेले. त्या मुलीने विचारलं, मग तुमच्या घरात आहेत ते कोण? मनी म्हणाली, "तेच. पण परत जाणारेत."

फिटर हातात ओली ताटली धरून तसाच उभा राहिला. बाहेर गेला नाही. इतकी वर्षं ज्या हाकेसाठी त्याने कान लावले होते, ती हाक होती. फक्त दूर असलेल्या माणसासाठी होती.

दुपारी बाईंकडे जाताना त्याने धीर करून विचारलं, मला तू काय म्हणतेस?

"तुम्ही गेलात की म्हणते ना, रोज."

"आणि मी इथे असताना?"

मनीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याला साधी गोष्ट कळत नाही. "इथे असताना हाक कशाला मारायची? तुम्ही तर असताच."

त्याने तिचा हात जरा घट्ट धरला आणि दोघं रस्ता ओलांडून गेले.

त्याच आठवड्यात त्याने बंदरातल्या दुरुस्तीच्या कारखान्यात नोकरीसाठी अर्ज केला. उत्तर आलं नाही, रजा संपली, आणि त्याला जावं लागलं. निघताना त्याची पिशवी मनी दारापर्यंत दोन्ही हातांनी ओढत घेऊन आली.

जहाजावर पहिल्यांदा सिग्नल मिळाला तेव्हा फोन मनीने स्वतःच उचलला. आई दुकानात गेली होती, मधे समजावून सांगायला कुणी नव्हतं.

"बाबा, माझा दात पडला," ती म्हणाली. "पुढचा. आता साबण म्हटलं की वारा सुटतो. ऐक हां."

तिने दहा वेळा साबण म्हणून दाखवलं. प्रत्येक स समोरच्या फटीतून शीळ घालत बाहेर पडत होता. बाई म्हणाल्या होत्या, काही करायला नको, नवा दात आला की आपोआप जाईल. ते तिने सांगितलं, मग मामाचा ट्रक बिघडल्याचं सांगितलं, मग वरच्या मजल्यावरच्या मुलीशी झालेलं भांडण. फिटरला शब्दन् शब्द कळला. ती त्याला 'तू' म्हणत होती, हे तिच्या लक्षातही नव्हतं.

"तू कधी येणार?" तिने विचारलं.

त्याने महिना सांगितला. फोन ठेवल्यावर तो बोटांवर मोजू लागला, दात यायला किती दिवस लागतात. बरोबर इंजिनाला तेल घालणाऱ्या म्हाताऱ्या सोबत्याला तीन मुलं होती, त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, कुणाचा लवकर येतो, कुणाचा रेंगाळतो.

फिटर शिडीवरून खाली इंजिनखोलीत उतरला. तो दात रेंगाळावा, असं त्याला फार वाटत होतं. ती शीळ जाण्याआधी एकदा समोर बसून ऐकायची होती.