मागचे केस

बानाबाईनं ते मशीन आधी नाकाजवळ नेलं, मग पदरानं त्याची दांडी पुसली आणि लेकीकडे संशयानं पाहिलं.

"एवढंसं तर हाय. ह्यानं केस सरळ व्हत्यात?"

"व्हतात. बट घ्यायची, ह्या दोन पट्ट्यांत धरायची अन् खाली ओढायची. हळू. लई तापतंय ते."

"मग तुझं तू कर की."

"पुढचं केलं. मागचं हाताला येत नाय," शीला म्हणाली आणि आईकडे पाठ करून फरशीवर बसली.

मागचं तिला चांगलं येत होतं. नणंदेचे, सुकेशनीचे, केस तीच करून द्यायची आणि स्वतःचे तर आरशाशिवायही. पण आज तिला आईची बोटं हवी होती. फोनवर बोलायची सोय नव्हती. माहेराहून, पिशोरहून, फोन आला की नवरा, अजिनाथ, तो स्पीकरवर टाकायला लावायचा आणि शेजारी बसून दात कोरत ऐकायचा. शिवाय सांगितलेलं आई कधी खरं मानायची नाही, हाताला लागलं तरच मानायची. जन्मभर मेंढरं कातरलेली बाई. लोकरीखाली दडलेली जखम तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळायची, आणि ती काट्याची की काठीची हेसुद्धा.

वर गच्चीवर मंडप पडला होता. पुंडलिकनगरातलं अजिनाथचं ते घर आज पाहुण्यांनी गच्च भरलं होतं. शीलाचा भाऊ शिवशंकर आणि सुकेशनी यांचा साखरपुडा होता. शिवशंकर चौतिशीला आला तरी अंगाला हळद लागत नव्हती. जमीन होती, मेंढरं होती, आणि मेंढरं होती म्हणूनच कुणी मुलगी देत नव्हतं. इकडे सुकेशनीचं मंगळापायी अडलेलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसं दोन्ही घरांचं झालं आणि साटंलोटं ठरलं. तुमची आमच्यात आहेच, आमची तुमच्यात घ्या.

बानाबाईचा हात लवकर बसला. एकेक बट ती निगुतीनं ओढू लागली. तोंडानं शिवाच्या नव्या सदऱ्याची कथा चालू होती, दुकानदारानं कसं फसवलं आणि आपण त्याला कसं सुनावलं. मग तिनं मानेवरचा झुबका उचलला आणि कथा अर्ध्यावरच राहिली.

शीलानं डोळे मिटले. मानेवर, केसांच्या मुळाशी, बोटभर लांब, ह्याच मशीननं भाजल्याचा पट्टा होता, खपली अजून ओली. त्याच्या शेजारी तेवढाच दुसरा, जुना. आईचं बोट दोन्हींच्या कडेनं फिरलं.

"हे तुझ्या हातचं नाय," बानाबाई म्हणाली.

"नाय."

"जावयानं?"

"व्हय. माय, मला आजच घेऊन चल."

जिन्यावरून कुणीतरी नवरीला लवकर पाठवा म्हणून हाक दिली. मग झुबका खाली आला, पुन्हा पट्ट्यांत धरला गेला आणि पहिल्यापेक्षाही सावकाश, बरोबर त्या जागेवर सरळ करून बसवला गेला.

"वर गेल्यावर मान लई वाकवू नको. वारा हाय गच्चीवर."

"माय, तू बघितलंस ना?"

"बघितलं. आंधळी नाय मी." बानाबाईचा आवाज फाटला होता. "आज तुला नेलं तर शिवाचं मोडलं. पुन्हा कोण देतंय त्याला? थोडी कळ काढ, बाई. लगीन होऊ दे. ह्यांची लेक एकदा आपल्या घरात आली की बघू कसा हात लावतोय तुला. हिकडं तुझ्या केसाला धक्का लागला, तर तिकडं शिवा हिला सोडंल व्हय?"

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर शीलाला सोसलं असतं. पण आई धीर देत होती, पाठीवरून हात फिरवत. शीलाला आईची भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदा.

दार ढकलून सुकेशनी आत आली. अंगावर नवा शालू, केस मोकळे.

"वहिनी, माझेही करून देता ना?"

"ये बाई, मी देते करून," बानाबाई हसून म्हणाली. "आता हात बसलाय माझा."

सुकेशनी तिच्यापुढे बसली आणि तिनं मान खाली घातली. शीलाला पहिल्या वेळी भाजलं तेव्हा भावाचा डोळा चुकवून मलम लावायला आली होती ती हीच पोर. बानाबाईनं मशीन उचललं, तसं शीलानं तिचं मनगट धरलं.

"तू नको लावू हिला हात."

"अगं, येतंय मला आता."

"दे म्हणते ना."

तिनं मशीन काढून घेतलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. सुकेशनीनं वळून पाहिलं. तिला काही कळेना.

"वहिनी, वर सगळे थांबलेत."

"थांबू देत. आधी माय काय म्हणाली ते ऐक," शीला म्हणाली, आणि उठून तिनं दाराला आतून कडी घातली.