रोगाला फुटलेला घाम

"घाम फुटला! रोगाला घाम फुटला!" गर्दी ओरडली.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात, भरदुपारी काळे पडदे ओढून, माणसं दाटीवाटीने बसली होती. समोर टेबलावर सूक्ष्मदर्शक होता आणि भिंतीवर मोठा टीव्ही. टीव्हीवर एका म्हाताऱ्याच्या रक्तातल्या पेशी हिरव्या उजळत होत्या. निळेबाबा म्हणवणाऱ्या गृहस्थाने ती रक्ताची काच भिंगाखालून काढून स्टीलच्या डब्यात ठेवली, म्हाताऱ्याचा तळवा झाकणावर टेकवला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. काच बाहेर आली तेव्हा तिच्या खालच्या बाजूला बारीक थेंब जमले होते. बाबांनी ते मखमली फडक्याने टिपले आणि काच पुन्हा भिंगाखाली सरकवली. आता त्याच पेशी निळ्या दिसत होत्या. फडकं हातोहात फिरलं, आणि माणसं ते डोळ्यांना लावू लागली.

"हिरवं म्हणजे विष, निळं म्हणजे शांती!" बाबा गरजले. "डॉक्टर नुसतं शरीर बघतात. आम्ही पेशीचा आत्मा बघतो! काचेला मात्र कुणी हात लावायचा नाही. ऊर्जा उतरते."

आत्म्याला एवढा मोठा टीव्ही लागतो हे मला नवीनच होतं. बाबा मात्र नवीन नव्हते. हा गृहस्थ पूर्वी आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक विकायला यायचा आणि फुकटचा चहा पिऊन जायचा. त्याने मला ओळखलं नाही. मी त्याला आवाजावरूनच ओळखलं.

माझ्या शेजारी ताई बसली होती. तिला रक्ताचा कर्करोग होता. औषधं लागू पडत होती, पण मागच्या महिन्यात तिच्या पेशी इथे निळ्या 'झाल्या' आणि तिने सगळ्या गोळ्या बंद केल्या. आता तिच्या हातावर आपोआप काळेनिळे डाग उठत होते. भावोजी ते डाग सगळ्यांना कौतुकाने दाखवत होते.

"बघ, निळं बाहेर यायला लागलंय," ते मला म्हणाले.

ते डाग म्हणजे रोग पुन्हा बळावल्याची खूण होती. भिंतीवर 'बऱ्या झालेल्यां'चे फोटो लावले होते, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याखाली त्याच्या निळ्या पेशींचं चित्र होतं. त्यातले बेकरीवाले काका दोन महिन्यांपूर्वी वारले होते. त्यांची बायको रोजच्यासारखी त्या फोटोखाली बसली होती, आणि तो फोटो भिंतीवरून उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"माझंही रक्त बघा," मी उठून म्हणाले.

बाबांनी माझ्या बोटाला सुई टोचली, थेंबात रंग मिसळला, काच भिंगाखाली ठेवली. मी चांगली ठणठणीत होते. टीव्ही हिरवागार झाला.

"अरेरे! विष तर घरभर पसरलंय!"

मग डबा, पुटपुट, घाम, फडकं. माझ्या पेशी निळ्या झाल्या आणि टाळ्या पडल्या. बाबा काच उचलणार, तेवढ्यात मी भिंगाखालच्या तापणाऱ्या पट्टीचं बटण दाबलं. अशी पट्टी आमच्याकडेही आहे, त्यांनीच विकलेली.

टाळ्या थांबल्या. टीव्हीवरचा निळा रंग हळूहळू विरत गेला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा हिरवा झाला.

मी डब्याचं झाकण उघडलं. आत अंथरलेल्या कापडाखाली बर्फाच्या पिशव्या होत्या.

"प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं," मी म्हणाले. "लोण्यासारखं. गारठलं की घट्ट, तापलं की सैल. हा रंग त्या आवरणात शिरतो. आवरण घट्ट असलं तर निळा उजळतो, सैल असलं तर हिरवा. औषधांनी आवरण कसं बदलतं ते बघायला आम्ही हाच रंग रोज वापरतो. पण इथे बदललाय तो फक्त गारवा. आणि घाम म्हणाल, तर गार काचेवर हवेतलं पाणी जमतंच."

"संशयी माणसाने बटणाला हात लावला!" बाबा ओरडले. "ऊर्जा गेली! आता तुमच्या सगळ्यांच्या पेशींना धोका आहे!"

गर्दी उठू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "दार लावा रे." भावोजींनी माझं मनगट करकचून धरलं. "माफी माग. ताईचं काही वाईट झालं तर तू जबाबदार." मला खरंच भीती वाटली. त्या अंधारात ओळखीचा एकही चेहरा माझ्या बाजूचा नव्हता.

तेव्हा बेकरीवाल्या काकू बोलल्या. आवाज अगदी साधा होता.

"ह्यांची काच शेवटच्या आठवड्यातही निळीच आली होती. बाबांनी घाम पुसला. मी तेच फडकं घरी नेऊन ह्यांच्या कपाळावर ठेवलं. मग ती निळी कशी आली गं?"

मला खोटं बोलता आलं नाही.

"काकू, बर्फावर ठेवली तर मेलेल्या माणसाची पेशीही निळीच दिसेल."

काकू उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि नवऱ्याचा फोटो काढून पदराखाली घेतला. त्यांना कुणी अडवलं नाही. बाबा फक्त टीव्हीची वायर शोधत होते.

ताईने आपल्या हातावरचे डाग बघितले. मग भावोजींची बोटं माझ्या मनगटावरून एकेक करून सोडवली.

"दवाखाना अजून उघडा असेल का गं?" तिने विचारलं.

होता. डॉक्टर म्हणाले, औषधं पुन्हा सुरू करू, पण गेलेला महिना काही परत मिळायचा नाही. ताई आता रोज गोळ्या घेते आणि आम्ही रक्ताच्या तपासण्यांची वाट बघतो. काकूंना तर वाट बघायलाही काही उरलेलं नाही.

म्हणून हात जोडून सांगते. रंग खरा असतो, यंत्र खरं असतं, पण तेवढ्याने त्यावरून केलेला दावाही खरा ठरतो असं नाही. डोळ्यांना दिसलं तरी विचारा, का दिसलं? दुसऱ्या कशाने दिसलं असेल का? चालू औषध कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि काचेला हात लावायचा नाही असं कुणी बजावलं, तर आधी हात लावून बघा, ती गार आहे का.