झाकली मूठ

आई मला चोमडी म्हणते. लहानपणी शेजाऱ्यांच्या भांडणात मी तोंड घालायचे, तेव्हापासून. सख्ख्या आईनेच असं नाव ठेवल्यावर माणूस काय करणार? मी ते निभावलं.

गळ्याच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला. त्याआधी माइकसमोर बसून तिने ढीगभर वाक्यं वाचून ठेवली होती, कारण आमच्या अ‍ॅपला तेवढी लागतात. आपण टाइप करायचं, अ‍ॅप आपल्याच आवाजात बोलतं. रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमणारे आम्ही काही हौशी लोक ते फुकट लिहितो. त्याची ओळ न् ओळ कुणीही वाचावी, दुरुस्त करावी. फक्त आवाज जिथे घडतो तो सर्व्हर काकांच्या घरी, आणि त्यातला कोड त्यांनी कधी कुणाला दाखवला नाही. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. प्रकल्प त्यांनीच सुरू केलेला. पाठीमागे आम्ही त्यांना कुलूपकाका म्हणतो.

घरी आल्यावर आईने पहिल्यांदा माझं नाव टाइप केलं. फोनमधून आवाज आला, अगदी तिचाच, किंचित बसका. पण तो म्हणाला, "च्योमडी."

आपला 'च' दोन तऱ्हेचा. 'चहा'तला वेगळा, 'चमचा'तला वेगळा; लिहायला मात्र एकच. सर्व्हरच्या हे गावीच नव्हतं. 'चल'चं च्यल, 'जरा'चं ज्यरा. मी खो खो हसले. आई हसली नाही. तिने फोन उशीखाली सारला आणि पाटीवर लिहिलं, "ही कोण परकी बाई?" तेव्हापासून घरात फक्त खडूचा आवाज. मला तो सहन होत नव्हता.

मी काकांच्या मागे लागले. "पुढच्या महिन्यात बघतो," ते म्हणायचे. "मग कोड द्या, मीच बघते," म्हटलं की चष्मा पुसायला घ्यायचे. शेवटी माझं डोकं सटकलं. आईला घेऊन मी थेट त्यांच्या दारात उभी राहिले.

काकांनी पाणी दिलं, खुर्च्यांवरच्या वायरी उचलल्या. कोपऱ्यात सर्व्हर घरघरत होता.

"काका, अख्खं अ‍ॅप उघडं आणि जीव तेवढा कुलपात! आई गप्प बसलीय हो. असं काय दडवलंय तुम्ही?"

ते वायरी गुंडाळू लागले. "दडवण्यासारखं आहे काय? नुसती ठिगळं. तुम्ही पोरं किती नेटकं लिहिता. माझं एकीकडे हात लावला की दुसरीकडे उसवतं, म्हणून तो 'च'सुद्धा राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळ. उघडली की हसाल."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझा हात दाबला. मग तिने गळ्याचा स्कार्फ सोडला. ऑपरेशननंतर तो तिने माझ्यासमोरसुद्धा कधी सोडला नव्हता. मधोमध श्वासासाठी ठेवलेलं ते छिद्र, कडेला टाक्यांच्या सुरकुत्या. तिने आधी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं, मग सर्व्हरकडे दाखवलं. पाटीला हातही लावला नाही.

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि पासवर्ड घातला.

कोड खरंच भयंकर होता. मी हसले नाही. आम्ही दोघांनी मिळून आईच्या रोजच्या शब्दांपुरता तो दुसरा 'च' बसवला, 'ज' आणि 'झ'ही. मध्येच सगळं बंद पडलं, काकांना घाम फुटला, परत सुरू झालं. उरलेल्या शब्दांना पुष्कळ हात लागणार होते.

"टाकतो सगळं सगळ्यांसमोर," काका म्हणाले. "हसले तर हसले."

आईने पर्समधून फोन काढला. उशीखालून तो तिने कधी घेतला, मला पत्ताही नव्हता. तिने टाइप केलं.

"चोमडे, चल. त्यांना जरा चहा पिऊ दे."

एकूण एक 'च' जागच्या जागी. मला रडू आवरेना. "आई, परत म्हण ना."

"चोमडी ती चोमडीच," आई म्हणाली, आणि स्कार्फ न बांधताच उठली.